सांग गं माय तुझ्या बापाला

सासरवाडीत जावयाला कुणी तोंडावर रागवत नाही. निदान आमच्या परभणी जिल्ह्यात तरी नाही. जावई चुकला की ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाला सांगायचं, मोठ्यानं, जावयाच्या कानावर पडेल अशा बेतानं. त्या घरातलं सगळ्यात लहान माणूस तेव्हा नऊ दिवसांचं होतं आणि ती माझीच लेक होती. बायकोनं तीन वर्षांत केल्या नसतील एवढ्या माझ्याबद्दलच्या तक्रारी त्या पोरीनं दोन दिवसांत ऐकून घेतल्या.

भानगड फोटोंची. बायको बाळंतपणाला माहेरी, सेलूपासून आत एका गावात. मी नोकरीपायी संभाजीनगरात. मोबाइलवर रोज एक फोटो यायचा. दुपट्याचं गाठोडं, गाठोड्यात कुंची, कुंचीत अंधार. नाक कुणावर गेलंय म्हणून माझी आई विचारायची, तर आधी नाक शोधावं लागायचं. शेवटी मित्राचा कॅमेरा मागून आणला, सोबत त्याची ५० मिलिमीटरची लेन्स, १.८ वाली, म्हणजे डोळा खूप रुंद उघडणारी. चार रात्री जागून अभ्यास केला. त्यात कळलं की असे फोटो पहिल्या दोन आठवड्यांतच उरकावेत. तोवर लेकरू पोटात होतं तसं अंगाची जुडी करून झोपतं, नंतर हातपाय ताणायला लागतं. दिवसातले सोळा-सतरा तास झोपतं, हेही वाचलं. म्हटलं, सोळा तास झोपणारं माणूस हलून हलून हलणार किती? हे मी सेलूकडं येणाऱ्या रेल्वेत बसून म्हटलं होतं. नोंद असू द्या.

कॅमेऱ्याची बॅग बघताच आजेसासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाळाकडं तोंड करून म्हणाल्या, "सांग गं माय तुझ्या बापाला, सव्वा महिना झाल्याबिगर लेकराचा फोटू काढत नसत्यात. दिष्ट लागती."

बायकोनं मध्यस्थी केली. दोन बाजूंनी बरीच घासाघीस होऊन तह झाला: फोटो काढायचे, पण बारशापर्यंत कुणाला धाडायचे नाहीत, स्टेटसला तर मुळीच ठेवायचे नाहीत, आणि दर फोटोआधी गालावरची तीट शाबूत आहे का ते बघायचं. ही तीट म्हणजे सटवाईच्या भीतीनं आजीनं स्वतःच्या अंगठ्यानं लावलेली. अंगठा आजीचा, गाल नऊ दिवसांचा. म्हणजे प्रमाण लक्षात घ्या.

बाळंतिणीची खोली जुन्या माळवदाची. हातभर रुंद भिंती, एकच खिडकी, तीही जानेवारीचं वारं शिरू नये म्हणून गोणपाट ठोकून बंद. बाजेखाली शेगडी. उघड्या लेकराचे फोटो काढायचे तर खोली उबदार पाहिजे असं वाचलं होतं. ते एक काम घरच्यांनी माझ्या आधीच करून ठेवलं होतं. मी पाच मिनिटांत बनियनवर आलो. सासऱ्यांसमोर बनियनवर फिरणारा मी त्या घरातला पहिलाच जावई असेन.

उजेडाला एक जुनी चोकवाली ट्यूब. पहिले दहा फोटो काढले, तर प्रत्येकात काळपट पट्टे. सासूबाई मागून डोकावून म्हणाल्या, "बाई गं, दुपट्याला रंग लागला का काय?" दुपट्याला काही झालं नव्हतं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळं अशी ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही, पण शटर त्याहून चपळ ठेवलं की कॅमेरा बरोब्बर पकडतो. मग शटर १/१०० सेकंदावर आणलं. पट्टे गेले. पण आता लेक मूठ हलवायची आणि फोटोत मुठीच्या जागी धूर दिसायचा.

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच पिवळा बल्ब लागायचा, त्यात काढलेला फोटो मी कौतुकानं सासूबाईंना दाखवला आणि घरात हाहाकार झाला. "अगं, पिवळीधमक दिसायलीय की पोरगी! कावीळ झाली का काय!" आजी उठून बसल्या, सासरे चपला शोधायला लागले. कॅमेऱ्यात पांढरा रंग ठरवायचं एक बटण असतं, ते चुकीच्या जागी होतं, एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट रात्री आठ वाजता घाबरलेल्या पाच माणसांना समजावणं माझ्या शक्तीबाहेरचं होतं. मी घाईघाईत बटण फिरवून दुसरा फोटो काढला. तो इतका निळसर-पांढरा आला की सासूबाई मटकन खाली बसल्या. "आता तर अंगात रगतच नाही दिसंना." शेवटी कॅमेरा कपाटात गेला आणि सकाळी लेकीला अंगणातल्या उजेडात निरखून, कपाळ दाबून, आणि तरीही तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून आणल्यावरच परत बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, छान आहे. सासऱ्यांनी विचारलं, "मग फोटूत?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. काय म्हणणार बिचारे.

मोबाइलवर पाहिलेल्या फोटोंत लेकरं टोपलीत निजलेली असतात, फुलांत, लोकरीत. मी सासूबाईंना टोपली मागितली. त्यांनी मुकाट्यानं दुरडी आणून दिली. ज्वारीच्या भाकरीचा वास होता तिला, तळाला पीठही होतं. मी ती झटकत असताना मागून आवाज आला, "सांग गं माय तुझ्या बापाला, भाकर हाईस का तू, दुरडीत ठिवायला?" दुरडी चुलीपाशी परत गेली. हातांवर हनुवटी टेकून बेडकासारखी बसलेली लेकरंही मी पाहून ठेवली होती. नंतर वाचलं की तो एक फोटो नसतोच. मोठं माणूस डोकं धरून ठेवतं, दोन फोटो काढतात, ते जोडून मधले हात पुसून टाकतात. मान न धरणारं लेकरू तसं बसणार कसं? हे आजींना सांगायचा मूर्खपणा मात्र मी केला नाही. त्यांनी मला हात जोडून लेकराला देवघरात नेलं असतं.

राहता राहिला चेहरा. इथं आणखी एक गंमत. एवढ्या लेकराला वीतभर, फार तर सव्वा वीतभर अंतरावरचंच जरा नीट दिसतं. आणि मित्राच्या लेन्सला हातभराच्या आतलं दिसत नाही. बापलेकीची नजरानजर व्हायची सोयच नव्हती. हातभर लांबून डोळ्यावर नेम धरून काढलेला एक फोटो अखेर साधला. पापण्यांचे केससुद्धा मोजून घ्यावेत असा. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. १.८ वर लेन्स उघडली की असंच होतं, त्यासाठीच लोक पैसे मोजतात. मी अभिमानानं तो आजींपुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला, कॅमेरा दूर धरला, जवळ धरला.

"कान कुठंयत?"

म्हटलं, आजी, ते धूसर केलेत, मुद्दाम.

आजींनी कॅमेरा बाजूला ठेवला, लेकीची कुंची वर केली, दोन्ही कान हातानं चाचपून पाहिले आणि मगच बोलल्या. "हायती गं माय तुला कान. सांग तुझ्या बापाला."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मात्र नशीब उघडलं. न्हाऊ-माखू झालं, टाळू भरली, पिऊन लेक गाढ झोपली. आजींनी ओवा-बाळंतशोपाची धुरी केली आणि खोलीत निळसर धूर तरंगू लागला. आणि माळवदाच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकातून, उन्हाचा एक सोट खाली आला. बाजेवर नाही, बाजेशेजारी, जमिनीवर. सारवलेल्या भुईवर ऊन पडून त्याचा जो मऊ उजेड वर उसळला होता, तो थेट लेकीच्या गालावर होता. ट्यूब नको, बल्ब नको, काही नको. मी गुडघे टेकले, श्वास धरला आणि बटण दाबलं.

खट्ट!

त्या आवाजासरशी लेकीनं दोन्ही हात आभाळ धरल्यासारखे फाकवले, बोटं ताणली, आणि मग हळूहळू मिठी मारल्यासारखे छातीशी घेतले. दचकलं की एवढी लेकरं असंच करतात, त्यात वावगं काही नाही. पण दुसऱ्यांदा बटण मी त्या फाकवलेल्या हातांवर दाबलं होतं. आलेला फोटो असा: धुरातून उतरणारं ऊन, दोन्ही हात पसरलेली माझी लेक, आणि कडेला, नको तिथं घुसलेला, आजींचा सुरकुतलेला हात. थोपटायला निघालेला. कॅमेऱ्याच्या मधे येऊ नका म्हणून दोन दिवस मी ज्याला विनवत होतो, तोच.

बारशाला हाच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असं ठरलं. सेलूतल्या एका स्टुडिओत देऊन आलो. पोऱ्या हुशार. संध्याकाळी फ्रेम करून हातात दिली, वर म्हणाला, "साहेब, गालावर काळा डाग पडला होता, काढून टाकला. पैसे नाही लावले त्याचे."

बारशाच्या दिवशी आजी त्या फ्रेमसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, स्वतःचा हात दिसला असावा. त्या आत गेल्या, काजळाची डबी घेऊन आल्या, अंगठा बुडवला आणि फ्रेमच्या काचेवर, लेकीच्या गालाच्या जागी, भला मोठा ठिपका उमटवला. मग पाळण्याकडं वळून म्हणाल्या, "सांग गं माय तुझ्या बापाला, काच पुसायची न्हाई म्हणावं."