‘तयारी पक्की असेल तर टेन्शन येतच नाही’ म्हणे!

आमच्या बॅडमिंटन पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: ‘मॅचआधी घाबरतो तो सरावात कमी पडलेला. आजकालची पोरं नाजूक. चॅम्पियनच्या पोटात गोळा येत नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. त्यातले निम्मे अंगठेवाले पोराची मॅच बघवत नाही म्हणून पुण्यात बालेवाडीच्या हॉलबाहेर फेऱ्या मारत असतात, ते सोडा.

चॅम्पियनचं आधी बघू. नेमबाज स्वप्नील कुसाळे याच बालेवाडीच्या रेंजवर सराव केलेला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेतल्यावर त्यानेच सांगितलं की पोटात कालवत होतं, काही खाल्लं नव्हतं, नुसता कोरा चहा घेतला होता आणि छाती धडधडत होती. त्याने सांभाळला तो श्वास.

पोरं नाजूक? खेळाडूंची ही चिंता मोजायची प्रश्नावली क्रीडा-मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्सने १९७७ मध्ये काढली. तेव्हा ग्रुपमधल्या बहुतेक पालकांचाही जन्म व्हायचा होता.

आता सराव. सराव नसला तर भीती वाढते, कबूल. पण सराव असला की भीती जातेच, हे उलटं खरं नाही. मार्टेन्सच्या मते चिंतेला दोन गोष्टी खतपाणी घालतात: निकाल काय लागेल याची अनिश्चितता आणि त्या निकालाला आलेलं महत्त्व. समोरची तुल्यबळ असेल तर तुम्ही कितीही घाम गाळा, अनिश्चितता राहणारच. आणि महत्त्व तर घामासोबत वाढतं. पहाटे साडेचारला उठून कोथरूडहून बालेवाडी गाठणाऱ्या मुलीला हरणं जितकं लागतं, तितकं रविवारी हौसेने खेळणाऱ्याला कुठलं लागायला!

शिवाय हे महत्त्व मूल एकटं ठरवत नाही. आमच्या लेकीची तेरा वर्षांखालची मॅच, तिसरा गेम, १९-१८ ने पुढे. तिने रॅकेटचा ओला हात टी-शर्टला पुसला आणि सर्व्हिसआधी गॅलरीकडे पाहिलं. ही शॉर्ट सर्व्हिस तिने हजारदा केलीय, मनगट आपोआप चालतं. त्या दिवशी ती मनगटाकडे लक्ष देऊन मारायला गेली, हात आखडला, शटल नेटमध्ये. पुढचे दोन पॉइंटही गेले, आणि मॅचही.

परतताना चांदणी चौकात गाडी अडकली. सर्व्हिसबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. खिडकीबाहेर बघत एवढंच विचारलं, ‘‘बाबा, तू कपाळाला हात का लावला होतास?’’