टाय लावून नाचणारी सभ्य मुलं

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक कृष्णधवल क्लिप फिरतेय. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची अमेरिकन पोरं, कोट-टाय घातलेली, मुलींचे केस फुगवून टोपल्याएवढे केलेले, टीव्ही स्टुडिओत नाचतायत. खाली काकांचा शेरा : "बघा, तेव्हाची मुलं किती सभ्य!"

काका, या सभ्यतेबद्दलच थोडं बोलायचंय.

तेव्हा तिकडे अनेक शहरांत लोकल चॅनलचे असे कार्यक्रम चालायचे. शाळा सुटली की पोरं स्टुडिओत, डीजे रेकॉर्डी लावणार आणि शहरभरची मुलं घरी बसून नव्या स्टेप्स शिकणार. (आपल्या मुंबई दूरदर्शनचा जन्मच १९७२चा!)

बाल्टिमोरला डब्ल्यूजेझेड चॅनलवर १९५७पासून 'बडी डीन शो' लागायचा. गाणी बरीचशी कृष्णवर्णीय गायकांची, नाचायला मात्र गोरी मुलं. कृष्णवर्णीय मुलांना महिन्यातून एक ठरावीक दिवस. त्यांचं संगीत रोज चालायचं, ती स्वतः नाही. १२ ऑगस्ट १९६३ला, त्यांच्याच दिवशी, काही गोरी मुलं ठरवून स्टुडिओत शिरली आणि सगळे एकत्र नाचले. प्रक्षेपण थेट होतं, कापायची सोयच नव्हती. मग चॅनलला धमक्या आल्या. आणि तोडगा काय? जानेवारी १९६४मध्ये कार्यक्रमच बंद! एकत्र नाचू देण्यापेक्षा कोणीच नाचू नये, हे त्यांना सोपं वाटलं.

याच कार्यक्रमावर बेतलेल्या 'हेअरस्प्रे' सिनेमात शेवटी सगळे आनंदाने एकत्र नाचतात. सिनेमा मलाही आवडतो, पण तो शेवट बाल्टिमोरच्या वाट्याला आला नाही.

फिलाडेल्फियाचा 'अमेरिकन बँडस्टँड' तर देशभर गाजला. आपण १९५७मध्येच भेदभाव संपवला, असं त्याचे सूत्रधार डिक क्लार्क पुढे सांगत राहिले. मॅथ्यू डेल्मॉन्ट या इतिहासकाराने कागदपत्रं आणि आठवणी धुंडाळून दाखवलं की १९६४मध्ये कार्यक्रम लॉस एंजेलिसला जाईपर्यंत कृष्णवर्णीय मुलांना बहुतेक वेळा दारातूनच परत पाठवलं जायचं.

मला खरी भुरळ पडते ती 'मिच थॉमस शो'ची. जवळच्याच विल्मिंग्टनमध्ये १९५५ला सुरू झालेला, सूत्रधार कृष्णवर्णीय, नाचणारी मुलंही. 'स्ट्रोल' हा नाच तिथली मुलं करायची, बँडस्टँडवरच्या गोऱ्या मुलांनी तो टीव्हीवर बघून उचलला आणि देशभर नाव झालं बँडस्टँडचं. थॉमस यांचा कार्यक्रम मात्र १९५८मध्ये बंद पडला.

तर काका, क्लिप जरूर बघा, पोरं नाचतायत झकासच. फक्त फ्रेममध्ये कोण दिसत नाहीये, तेही एकदा बघा. ग्रुपवर हे लिहिलं तर आत्या रागावेल, म्हणून इथे लिहितेय.