सतरा इंची अलॉयवाला तो मेसेज चुकीचा आहे

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: "ऑटोक्रॉसला उतरायचं असेल तर कंपनीची चाकं आधी काढा. १७ इंची अलॉय आणि २०५ चा टायर लागतोच. टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. हवा १८-२० वर आणा. टायर कोरे करकरीत पाहिजेत. हवा नायट्रोजनचीच भरा."

मला तो चार जणांनी पाठवला. दोघांनी खाली विचारलंय, "मामा, किती खर्च येईल?" त्या प्रश्नामुळं लिहायला बसलो, कारण माझ्या भाच्यानं हा खर्च करून झालाय. स्विफ्टला १७ इंची अलॉय (ॲल्युमिनियमच्या रिम) आणि २०५/५० चे टायर, साठ हजारांच्या पुढं गेले. (ह्यात २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या इतके टक्के; पुढं 'आर १७' असेल तर रिम १७ इंची.) पहिली स्पर्धा मुरमाच्या मैदानावर होती. दुसऱ्याच फेरीत पुढचं डावं चाक चाकोरीच्या कडेवर आदळलं. मी वाकून बघितलं तर रिमची कड अंगठाभर आत गेलेली आणि टायर-रिमच्या फटीत लाल माती ठासून बसलेली. स्टेपनी लावून घरी आलो. त्यानंतर त्या वर्षात त्याच्याकडं एंट्री फी भरायलाही पैसे उरले नाहीत. पोरगं चांगलं चालवतं, आणि वर्षभर घरी बसलं. मला ह्याचा राग आहे.

तर एकेक मुद्दा घेतो.

पहिली गोष्ट, मेसेज लिहिणाऱ्यानं मैदान कुठलं हे विचारलेलंच नाही. ऑटोक्रॉस म्हणजे रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे शंकू लावून आखलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. अमेरिकेत हे मोठ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पार्किंगवर चालतं आणि यूट्यूबवरचा बहुतेक सल्ला तिथला असतो. आपल्याकडं बहुतेक वेळा माती आणि मुरूम असतो. ह्या दोन जमिनींना लागणारे टायर वेगळेच. जागतिक रॅली स्पर्धेत खडी-मातीवर १५ इंची रिम वापरतात आणि डांबरावर १८ इंची. गाडी तीच, टीम तीच, पैशाची ददात नाही, तरी मातीवर जाताना रिम लहान करतात. कारण मातीवर टायरची भिंत उंच लागते. खड्ड्याचा दणका आधी तिनं खायचा असतो. १८५/६५ आर १५ टायरची भिंत १२० मिलिमीटर उंच असते, २०५/५० ची १०२, आणि २०५/४५ घेतलात तर ९२. दणक्याच्या वेळी रिम आणि दगड ह्यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं.

"रिम मोठी तर पकड मोठी" हे तर कोल्हापूरच्या पोरानं बोलूच नये. इथं मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर तुमच्यातल्या कितीतरी जणांनी कार्ट चालवलीय. कार्टची रिम पाच इंची असते. वळणात मानेला जो ताण बसतो तो आठवा. पकड रबरातून येते. रिमच्या इंचाचा तिच्याशी थेट संबंध नाही. मोठ्या रिमवर भिंत बुटकी होते, त्यामुळं स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी लवकर वळल्यासारखी वाटते. ते वाटणं खरं आहे, डांबरावर त्याचा उपयोगही आहे. पण ती पकड नव्हे.

आता वजन. ह्यावर जरा थांबतो, कारण हे कुणी मोजतच नाही. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर ओळखीचा माणूस आहे. दुपारी वर्दळ कमी झाल्यावर त्याच्या काट्यावर आम्ही दोन्ही चाकं ठेवली, टायरसकट. कंपनीचं १५ इंची अलॉय साडेपंधरा किलो भरलं, नवीन १७ इंची वीस. चाकामागं साडेचार किलो, चार चाकांचे अठरा. कुणी म्हणेल, अठरा किलोनं काय होतंय, गाडीत एक पोतं ठेवल्यासारखं आहे. तसं नाही. डिकीतलं पोतं गाडीला नुसतं पुढं न्यायचं असतं. चाकाचं वजन पुढंही न्यायचं असतं आणि गरागरा फिरवायचंही असतं. टायरच्या कडेजवळचा एक किलो वेग घेताना आणि ब्रेक मारताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. मोठ्या रिममध्ये धातू नेमका बाहेरच्या बाजूला सरकतो. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं. खडबडीत जमिनीवर जड चाक उसळलं की जमिनीला परत टेकायला वेळ घेतं, आणि हवेत असलेल्या चाकाला कसली पकड?

व्यासाचा हिशोबही करा. १८५/६५ आर १५ चाकाची उंची सुमारे ६२१ मिलिमीटर. भाच्याला दुकानदारानं "४५ ची भिंत टिकायची नाही" म्हणून २०५/५० आर १७ दिली, ती ६३७. म्हणजे गिअर अडीच टक्क्यांनी लांब झाला, इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते पण ओढ कमी होते. ऑटोक्रॉस जवळजवळ सगळी दुसऱ्या गिअरमध्ये होते. वळणातून बाहेर पडताना इंजिननं लवकर ओढ घ्यायला पाहिजे, तिथंच आपण त्याला ढिलं केलं. वर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. उलट, स्पर्धा डांबरावर असेल आणि नियमात बसत असेल तर त्याच १५ इंची रिमवर १९५/५५ घ्या. उंची ५९५ होते, गिअर चार टक्क्यांनी आखूड पडतो, गाडी वळणातून झटकन सुटते. नवीन रिमचा एक रुपया खर्च नाही. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवेल आणि गाडी थोडी खाली बसेल, एवढं लक्षात ठेवा.

रुंदीच्या बाबतीत मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेही सांगतो. कोरड्या डांबरावर, रिमची रुंदी जुळत असेल तर रुंद टायर मदत करतो. पण टायर रुंद केला म्हणून जमिनीला टेकणारा ठसा दुप्पट होत नाही. गाडीचं वजन तेच, हवा तीच, मग ठशाचं क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं. तो आडवा रुंद आणि उभा आखूड होतो. फरक पाडतं ते रबर. बऱ्याच टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकतो त्याचा, आकडा छापलेला असतो. आकडा लहान म्हणजे रबर मऊ आणि झीज लवकर. अमेरिकेतल्या एससीसीए ह्या मोटारस्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या स्ट्रीट (रस्त्यावरच्या गाड्यांच्या) वर्गात २०० च्या खालचे टायर चालत नाहीत, कारण तिथून खाली गेलं की रस्त्याचा टायर आणि शर्यतीचा टायर ह्यांतला फरक पुसला जातो. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका.

मुरमावर मात्र रुंदीचं गणित उलटं फिरतं. सुट्या मातीचा वरचा थर भुसभुशीत, खाली जमीन टणक. अरुंद टायर तो थर कापून खाली टेकतो, रुंद टायर वरच तरंगत राहतो. उसाच्या फडातनं ट्रॉली काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला येणारा १६५/८० आर १४ टायर, ज्याला सगळे हसतात, तो मातीवर सतरा इंचीपेक्षा शंभरदा बरा.

हवा १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणायचा सल्ला तर धोक्याचा आहे. ट्यूबलेस टायरला रिमवर धरून ठेवते ती आतली हवाच. १८ वर जोरात वळण घेतलं तर टायरची भिंत दुमडते, गाडी टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेवर चालते, आणि वाईट दिवस असेल तर टायर रिममधून सुटतो. वाळूत अडकलेली जीप काढताना हवा कमी करतात ते वेगळं. तिथं वेग नसतो.

माझी पद्धत साधी आहे. डांबर असेल तर पुढं कंपनीच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून सुरुवात करायची. शाळेतला खडू घ्यायचा आणि पुढच्या टायरच्या खांद्यावरून, नक्षी संपून भिंत सुरू होते तिथून खाली, बोटभर रुंद पट्टा ओढायचा. तीन ठिकाणी. एक फेरी मारून यायचं आणि बसून बघायचं. खडू भिंतीवर खालपर्यंत पुसला असेल तर हवा कमी आहे. नक्षीच्या कडेवरचाही खडू जसाच्या तसा असेल तर जास्त आहे. बऱ्याच टायरवर त्या जागी छोटा त्रिकोण कोरलेला असतो, त्याच्या टोकापर्यंत पुसला की बरोबर. टायर तापला की हवा वाढते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गेज (हवा मोजायचं यंत्र) लावायचा. मातीवर खडू टिकत नाही. तिथं कंपनीचाच आकडा धरा.

कोऱ्या टायरबद्दल थोडक्यात. डांबरावर अर्धा झिजलेला टायर उलट चांगला चालतो, कारण नक्षीचे उंच ठोकळे वळणात डुलतात. मातीवर नक्षी पाहिजेच. खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो टायर रस्त्यावरही वापरायचा नाही. झिजेपेक्षा वय बघा. भिंतीवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, नख दाबलं तरी कळतं.

नायट्रोजनचं एका वाक्यात सांगतो: साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि त्यानं पकड वाढत नाही.

एवढं वाचूनही कुणाला रिम बदलायचीच असेल, तर निदान नीट बसणारी घ्या. स्विफ्टला चार नट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, पोलोला पाच. नट जुळले म्हणजे काम झालं असं नाही. मधलं भोक हबपेक्षा (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा) मोठं असेल तर चाक नटांवर लटकतं आणि ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. ती फट भरायला शिवाजी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची रिंग काढून मिळते, जुनी रिम आणि हबचं माप घेऊन जा. रिम बाहेर किती येते तेही बघा. फार बाहेर आली तर बेअरिंगवर भार येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग हातातून ओढतं.

भाच्यानं आता कंपनीची १५ इंची चाकं परत लावलीत आणि एक चांगला गेज आणि पायपंप घेतलाय. ज्या दोघांनी खर्च विचारला त्यांना एवढंच सांगतो: ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायरची साइज आणि हवेचा आकडा लिहिलेलं स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून पाठवा, आणि मैदान मातीचं की डांबराचं तेही लिहा. मग काय घ्यायचं ते बोलू.