मोठ्याला दहा, शिंगराला एक? हा हिशेब कुठे चुकतो

सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा जवळ आली की घोडेवाल्यांच्या ग्रुपवर औषधपाण्याचे संदेश फिरू लागतात. यंदा शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत फिरणाऱ्या संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: शिंगरू (घोडीचे पिल्लू) आजारी पडले तर इंजेक्शनवर पैसे घालू नका. मेडिकलमधून अँटिबायोटिक अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या आणा. मोठ्या घोड्याला दहा लागतात, तर शिंगराला दिवसाला एक पुरते. केळ्यात कुस्करून द्या, उरल्या तर घोडीलाही चारा. ताप उतरला की बंद करा. आणि यात्रेला निघायच्या आधी तीन दिवस सगळ्यांनाच देऊन ठेवा, वाटेत काही होत नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. घोड्याचा चांगला जाणकार डॉक्टर गावोगावी मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. पण यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे, आणि एक-दोन जिवावर बेतणारी आहेत.

‘मोठ्या घोड्याला दहा लागतात’ इथूनच गडबड सुरू होते. वाढलेल्या घोड्याला अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले, तर त्यातले जेमतेम 5 ते 10 टक्के रक्तात उतरते. म्हणून पशुवैद्य मोठ्या घोड्याला ते तोंडातून देतच नाहीत. मग उरलेले 90 टक्के जाते कुठे? मोठ्या आतड्यात. घोड्याचे बरेचसे पचन तिथल्या जंतूंवर चालते, चारा तेच आंबवतात. ते जंतू मेले की नको ते जंतू माजतात, आतड्याला सूज येते, पाण्यासारखी हगवण लागते आणि धडधाकट घोडी दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. संदेशातले ‘उरल्या तर घोडीलाही चारा’ हे म्हणूनच सर्वांत घातक वाक्य.

गंमत अशी की हेच औषध तान्ह्या शिंगराला बऱ्यापैकी लागू पडते. आठवडाभराच्या शिंगराच्या रक्तात ते तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरते. पण ही सवलत थोड्या दिवसांची असते. याच घराण्यातल्या सेफाड्रॉक्सिलचे मोजमाप झालेले आहे: पंधरा दिवसांच्या शिंगरात ते जवळजवळ सगळे शोषले गेले, पाच महिन्यांच्या शिंगरात 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चैत्रात जन्मलेल्या शिंगराला पंधराव्या दिवशी गुण देणारी गोळी भाद्रपदात त्याच शिंगराला नुसतीच पोट बिघडवणारी ठरते. आणि यात्रा मार्गशीर्षात. तिथे विकायला येणारी सात-आठ महिन्यांची शिंगरे या बाबतीत मोठ्या घोड्यांतच मोजायची.

आता ‘शिंगराला एक’. नुकत्या जन्मलेल्या शिंगराचे वजन 45-50 किलो धरा. या वयात अ‍ॅमॉक्सिसिलिन द्यायचेच ठरले, तर किलोमागे 20 ते 30 मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी, असा हिशेब असतो. पन्नास किलोला एका वेळेस 1000 ते 1500 मिलिग्रॅम, तेही दिवसातून तीन-चार वेळा. एका गोळीने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

वजनाच्या प्रमाणात भागाकार करावा, हेच मुळात शिंगराला लागू होत नाही. तान्ह्या शिंगराच्या अंगात पाण्याचा वाटा मोठ्या घोड्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे पाण्यात विरघळणारे औषध त्याच्यात जास्त पातळ होते. अ‍ॅमिकॅसिनचेच बघा. हे अँटिबायोटिक फक्त इंजेक्शनने द्यायचे, तोंडातून ते शोषलेच जात नाही. मोठ्याला किलोमागे 10 मिलिग्रॅम, तर तान्ह्याला 25 पर्यंत. चारशे किलोच्या घोड्याचा 4000 मिलिग्रॅमचा डोस आठाने भागला, तर पन्नास किलोच्या शिंगराला 500 येतात, लागतात मात्र 1250. पण हेच औषध हगवणीने सुकलेल्या शिंगराच्या मूत्रपिंडाला इजा करते. म्हणून आकडा माहीत झाला तरी सुई डॉक्टरच्याच हाती राहू द्या.

त्यात शिंगरू रोज किलोभर वाढते. दहा दिवसांपूर्वी लिहून दिलेला डोस आज कमी पडतो. कापूस मोजायच्या काट्यावर शिंगराला उचलून उभे राहा आणि आपले वजन वजा करा. अंदाजापेक्षा हे कितीतरी बरे.

केळे: रावेर-यावलच्या केळीच्या भागात हे सुचणारच. पण पंधरा दिवसांचे शिंगरू केळे खात नाही, आणि जबरदस्तीने घशात लगदा कोंबला तर तो फुफ्फुसात जातो. गोळी बारीक करून थोड्या गुळाच्या पाण्यात कालवा आणि बिनसुईच्या सिरिंजने ओठाच्या कोपऱ्यातून, डोके वर न ओढता, हळूहळू सोडा. दुधात कालवू नका, टेट्रासायक्लिनसारखी औषधे दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात.

एकाने संदेशाखाली भर घातली आहे: पहिल्या दिवशी शिंगराची आतडी उघडी असतात, तेव्हा गोळी पटकन भिनते. आतडी उघडी असतात ती चिकातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांसाठी, आणि चोवीस तासांत तो मार्ग बंद होतो. त्या दिवशी पोटात जायला हवा तो चीक. जंतुसंसर्गाने मलूल पडलेल्या तान्ह्याच्या आतड्याला रक्तच पुरेसे पोहोचत नाही, तिथे गोळीचा भरवसा धरता येत नाही.

‘मग अ‍ॅझिथ्रो द्या, दिवसाला एकदाच’ असेही कोणी सुचवले आहे. एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांना ऱ्होडोकोकस जंतूमुळे फुफ्फुसात गळवे होतात, तेव्हा डॉक्टर हे औषध रिफाम्पिसिनसोबत देतात, हे खरे. (रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते, ते रक्त नव्हे.) पण अ‍ॅझिथ्रोच्या जातीच्या औषधांनी, विशेषतः एरिथ्रोमायसिनने, शिंगराचा घाम थांबतो. उन्हात बांधलेल्या अशा शिंगराचे अंग भट्टीसारखे तापते आणि ते दगावू शकते. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा 44-45 वर जातो, हे औषध चालू असलेले शिंगरू तिथे दिवसभर सावलीतच हवे. दुसरा धोका आईला. शिंगराच्या तोंडाला लागलेले किंवा लिदीतून पडलेले एरिथ्रोमायसिन घोडीच्या पोटात गेले, तर तिला तीच जीवघेणी हगवण लागते. औषध पाजल्यावर तोंड पुसा, लीद लगेच उचला.

‘ताप उतरला की बंद’ हे इथेच खोटे ठरते. ताप काही दिवसांत उतरतो, गळवे विरायला कित्येक आठवडे लागतात. उलट, आठवड्या-दीड आठवड्याच्या शिंगराला घोडी पुन्हा माजावर येण्याच्या सुमारास जी हगवण लागते, तिला बहुधा कुठलीच गोळी लागत नाही. शिंगरू उड्या मारत असेल, दूध पीत असेल, तर नुसते लक्ष ठेवा.

सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे नाव काढणाऱ्यांसाठी एवढेच: मोठ्या घोड्यात तोंडावाटे ते दहावा हिस्साच शोषले जाते, आणि त्याच घराण्यातले एन्रोफ्लॉक्सासिन तान्ह्या शिंगराच्या सांध्यांतली कूर्चा खराब करते.

राहिला यात्रेआधीचा तीन दिवसांचा कोर्स. वाटेत घोड्यांना होणारा फ्लू विषाणूचा, त्याला गोळी शिवतही नाही. आणि नाकातून चिकट शेंबूड येत असेल, अंगावर गाठी फुटत असतील, तर गोळी देऊन घोडा गाडीत चढवूच नका. ही ग्लँडर्स या जंतुजन्य, संसर्गजन्य रोगाची लक्षणे असू शकतात. तसा संशय असला तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा; जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे असा संशय कळवणे बंधनकारक आहे. रक्ताची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. हा रोग घोडे सांभाळणाऱ्या माणसालाही होतो.