मी नुसता हसलो

मागच्या महिन्यात पोराच्या वर्गातली एक ऑडिओ क्लिप माझ्या मोबाईलवर येऊन पडली. शाळेचा अभ्यासाचा ग्रुप आम्हा पालकांच्या नंबरवर आहे. पोरांनी त्याला जोडून आपला वेगळा ग्रुप काढलेला, तोही आमच्याच मोबाईलवर, आम्हाला पत्ता नाही. क्लिप वीस सेकंदांचीसुद्धा नसेल. एक मुलगा मराठीचा धडा मोठ्यानं वाचतोय. 'प'वर अडकतो. प... प... प... मागनं कोणतरी हळूच म्हणतं, "बफरिंग." आणि आख्खा वर्ग फुटतो. त्या क्लिपखाली हसून हसून डोळ्यांतनं पाणी आलेले पिवळे चेहरे, एकाखाली एक. त्यातले तीन माझ्या नंबरवरनं गेलेले.

पोराला हाक मारली. सातवीत आहे. मोबाईल समोर धरला. त्यानं एकदा बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "पप्पा, क्लिप मी काढली न्हाई. नाव मी ठेवलं न्हाई. मी नुसता हसलो."

हात उचलला होता. तो तसाच खाली आला, कारण हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं.

१९९१-९२ साल. मीही सातवीत. आमच्या वर्गात एक पोरगा होता, त्याच्या घरी म्हशी. कोल्हापूरकरांना कट्टा सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. गंगावेशला, मिरजकर तिकटीला म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. ह्याचा बाप कट्ट्यावर म्हशी आणायचा. पोरगं पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायचं आणि मग शाळेत यायचं. अंगाला गोठ्याचा वास असायचा. त्याचं नाव पडलं 'रेडकू'. कुणी पाडलं ते आज कुणालाच आठवत नाही, मीही चौघांना विचारून बघितलं. तो वर्गात आला की मागच्या बाकावरनं रेडकासारखा आवाज निघायचा आणि सगळे हसायचे. गणिताचे सरसुद्धा एकदा म्हणाले, "रेडक्या, फळ्यापुढं ये." त्या दिवशी तर आम्हाला परवानाच मिळाला.

मी त्याच्या शेजारी बसायचो. त्रास मी कधी दिला नाही. हसायचो फक्त. शेजारी बसून हसायचं म्हणजे तोंड दुसरीकडं करून हसायचं, एवढं माझं सौजन्य. पुढं मलाही कोणीतरी रेडक्याचा भाऊ म्हणालं. तसं मी सरांना सांगितलं की फळा दिसत नाही, आणि दुसऱ्या बाकावर गेलो. फळा चांगला दिसत होता.

रात्री जेवण झालं की घरातल्या मोठ्यांबरोबर कट्ट्यावर दूध प्यायला जायचं. कधी कधी त्याच्याच बापाच्या म्हशीचं. तेव्हा वासाची तक्रार कुणाचीच नसायची.

आठवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. कोणी विचारलं नाही. तीनेक वर्षांपूर्वी रात्री कट्ट्यावर गेलो तर बापाच्या जागी हा. दाढी पांढरी झालेली, पण चेहरा तोच. मी ओळख दिली. पेला भरता भरता म्हणाला, "माझ्या शेजारी बसायचास न्हवं?"

"व्हय."

"मग फुडं गेलास."

बस्स, एवढंच. पेला दिला. पैसे पूर्ण घेतले. बरं केलं. फुकट दिलं असतं तर तो घोट खाली उतरला नसता.

तर पोराला मी मारलं नाही. वर्गशिक्षिका बाईंना जाऊन भेटलो. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. कसा आहे म्हणाल तर पालकसभेत हात खाली घ्यायला एक क्षण उशीर झाला म्हणून. पुढच्या बैठकीत विषय घेतला. मुख्याध्यापक भला माणूस, ऐकून घेतलं. मग सूचना सुरू झाल्या. 'दादागिरीला नाही म्हणा' असा फ्लेक्स लावूया. प्रार्थनेनंतर शपथ घेऊया. पोलीस ठाण्यातनं साहेबांना बोलवून व्याख्यान ठेवूया. एक पालक म्हणाले, क्लिप काढणाऱ्याचा दाखला हातात द्या, विषय संपला. सामाजिक जबाबदारीचं म्हणाल तर शाळा त्यात कमी नाही असंही सांगण्यात आलं. रंकाळ्याची स्वच्छता झाली, झाडं लावली, पूरग्रस्तांना वह्या दिल्या. फोटो आहेत.

मी विचारलं, तक्रारपेटी कुठं आहे? आहे, जिन्याखाली. उघडली कधी? किल्ली सापडत नाही. फटीतनं बघितलं तर आत वेफर्सची पाकिटं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर विचारला, तर तो शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावलेला, जिथं पोरांना जायची परवानगी नाही. ह्याचा राग राग करत नाही, आमच्या वर्कशॉपमध्येही आग विझवायचा सिलिंडर भंगाराच्या मागंच आहे. पण असं आहे खरं.

समितीत बोलायचं तर हातात काहीतरी पाहिजे म्हणून रात्री बसून थोडं वाचलं. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीला शाळेतल्या छळामुळं तीन मुलांनी जीव दिला, आणि १९८३ मध्ये सरकारनं देशभर मोहीम काढली. डॅन ओल्व्हेयस नावाचा मानसशास्त्रज्ञ त्यात होता. छळ कशाला म्हणायचं ह्याच्या त्यानं तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याच्यावर चाललंय त्याचा जोर कमी पडतोय असं. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर पोरांचं दुरून चित्रीकरण केलं, २००१ मध्ये त्याचा निबंध आला. बहुतेक वेळा बाजूला दुसरी पोरं उभी होती. मध्ये पडली फक्त पाचांत एकदा. पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा १० सेकंदांच्या आत प्रकार थांबला. १० सेकंद! आम्ही सातवीचं आख्खं वर्ष घेतलं होतं. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं 'किवा' नावाचा कार्यक्रमच ह्यावर उभा केला. त्यात छळणाऱ्याइतकंच लक्ष बघ्यांवर आहे. कोण साथ देतो, कोण हसून चढवतो, कोण बाजूला सरकतो, कोण मध्ये पडतो. पहिल्यापासनं वाचत गेलो आणि दोन ठिकाणी मी स्वतःच बसलेलो.

आता तुमच्यातले निम्मे म्हणणार, हे फिनलंड-बिनलंड ठेव बाजूला, चेष्टामस्करी नसली तर ते कोल्हापूर कसलं. मान्य. आमच्या पेठेत खऱ्या नावानं ओळखला जाणारा माणूस म्हणजे एकतर नवा जावई नाहीतर बँकेचा वसुलीवाला. वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर टोपणनावं मोठ्या अक्षरांत असतात, खरं नाव खाली बारीक. मलाही एक नाव आहे, ते इथं सांगत नाही, कॉमेंटमध्ये पडेलच. पण ह्या नावांत एक गोष्ट आहे. मला जो त्या नावानं हाक मारतो त्याचं नाव मीही पाडलेलं आहे, आणि चारचौघांत मी ते वापरू शकतो. रेडकूला ती मुभा नव्हती. त्यानं आमच्यातल्या एकाचंही नाव पाडलं नाही. पाडलं असतं तर चाललं नसतं, मार खाल्ला असता. माझ्या लेखी चेष्टा कुठं संपते हे ओळखायची खूण तीच. समोरच्याला उलटी मारायची सोय आहे का? त्या अडकणाऱ्या पोराला नाही. त्याला उत्तर द्यायचं तर तोंडच उघडायला लागतं, आणि तोंड उघडलं की पुन्हा 'बफरिंग'.

दुसरं येणार ते, "आम्हीपण सोसलं, त्यानं पोरं घट्ट होतात." तालमीत गेलेल्यांनी तरी हे म्हणू नये. पोरगं घट्ट होतं ते मातीत, वस्तादाच्या नजरेखाली, तोलाच्या जोडीबरोबर. १९१२ पासून खासबाग मैदान आहे. तिथं पाच पोरांनी मिळून एकाला धरला आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या, ही कुस्ती कधी लागली काय? जोड बघूनच कुस्ती धरतात. मैदानात तोल सोडून जोड लागली तर लोक आरडून मैदान डोक्यावर घेतात. वर्गात रोज चाळीस जण मिळून एकाला चितपट करतात, आणि आपण म्हणतो पोरगं घट्ट होतंय.

२६ जूनला आपल्याकडं शाहू जयंती, शाळेशाळेत भाषणं. गंगाराम कांबळेंची गोष्ट प्रत्येक भाषणात असते आणि असायलाच पाहिजे. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढं महाराजांच्या मदतीनं त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायला लागले. माझ्या पोरानं ही गोष्ट चौथीत वक्तृत्व स्पर्धेत सांगून दुसरा नंबर काढला होता. त्याला त्या रात्री विचारलं, महाराजांनी तिथं भाषण दिलं काय? म्हणाला, नाही, चहा प्याले. बरोबर कोण होतं? बरोबरची माणसं. त्यांना काय केलं? त्यांनाही चहा पाजला.

मग पोरगं जरा गप्प झालं. मीही फार ताणलं नाही, बाराव्या वर्षी माणूस किती ताणून घेणार.

मला ह्यातनं एवढंच दिसतं की हुकूम काढायची ताकद असलेल्या माणसानंसुद्धा तिथं काय केलं, तर एकट्या पडलेल्याकडं जाऊन बसला आणि आपल्याबरोबरच्यांनाही बसवलं. जातीचा प्रश्न आणि वर्गातली टिंगल एका मापाची नाही, हे मला कळतं. तरी टिंगलीतली निम्मी नावं कुठनं येतात ते ऐकून बघा: बापाचा धंदा, आडनाव, रंग, डब्यातली भाजी. एकट्याला वाळीत टाकणं ह्या महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१६ चा कायदा आहे सामाजिक बहिष्काराविरुद्ध. तो जात पंचायतींसाठी झाला, सातवी ब साठी नाही. पण मधल्या सुट्टीत एकाच्या डब्याजवळ कोणी बसत नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं?

बैठकीत मी मागितलं ते फार नाही. शनिवारचा एक तास. त्यात भाषण नको. पोरांना करून बघू दे. कोणी हसवायला बघतंय तेव्हा न हसता बसायचं कसं, हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा, महाकठीण. 'ए बास की' एवढं कोणत्या आवाजात म्हणायचं. मध्ये पडायची छाती होत नसेल तर नंतर जाऊन 'चल, नळावर जाऊया' म्हणायचं. आणि क्लिप आली तर पुढं ढकलायची नाही, एवढं तर भित्र्यातल्या भित्र्यालाही जमतं.

बाईंना सांगायचं म्हटलं की पोरं म्हणतात चुगली झाली. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, पोरीनं दिलं. दहावीत आहे ती. भावाला म्हणाली, २०१९ ला पूर आला तेव्हा चिखलीत, आंबेवाडीत कोण छपरावर अडकलंय ते लोक बोटवाल्यांना ओरडून सांगत होते, ती चुगली होती काय रे? पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं त्या वर्षी. अनोळखी माणसासाठी दोरी घेऊन पाण्यात उतरणारं हे गाव. मला त्या गावाचा अभिमान आहे आणि त्याच गावात दुसऱ्या बाकावर सरकलेला मीही आहे.

शिक्षकांसाठीही तो तास हवा, हे मी जरा दबकत बोललो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलाला मारायला जसं मना करतं, तसं मानसिक त्रास द्यायलाही. 'रेडक्या, फळ्यापुढं ये' हे त्यातच येतं. एक बाई नंतर जिन्यात म्हणाल्या, "आमच्याही तोंडातनं जातं हो." मला ते फ्लेक्सपेक्षा मोलाचं वाटलं.

क्लिप काढणाऱ्याचा दाखला द्यायला मी विरोध केला. त्याला घालवला तर उरलेल्या चाळिसांची सुटका होते, माझ्या पोरासकट. सगळे म्हणणार, वाईट होता तो गेला.

आमच्या पोराचं म्हणाल तर काही चमत्कार झालेला नाही. त्या मुलाच्या घरी जायचं म्हटल्यावर पोटात दुखायला लागलं. गेलो. त्याच्या आईनं पोहे केले. दोघं पोरं अर्धा तास मोबाईलवर गेम खेळत बसली, एक शब्द नाही. 'सॉरी' म्हटलं की नाही मला माहीत नाही, विचारलं नाही. त्या मुलाच्या आईनं निघताना फक्त एवढं सांगितलं की दीड महिना झाला, तो घरातही मोठ्यानं वाचत नाही.

तासाचं पुढच्या शनिवारच्या बैठकीत ठरेल. आमच्या शाळेचे पालक ही पोस्ट वाचत असतील तर या, ग्रुपवर अंगठे दाखवून कोरम भरत नाही. आणि तक्रारपेटीची किल्ली कुणाला सापडली तर बघा. नाही सापडली तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधनं ग्राइंडर घेऊन येतो, दोन मिनिटांत कुलूप कापून देतो.