लॅपटॉप भंगारात देण्याआधी चार्जर काढून बघा

गेल्या महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. मथळा: ‘घरी रेकॉर्डिंग करायचंय? आधी जुना कॉम्प्युटर भंगारात द्या!’ खाली पाच मुद्दे. आय-सेव्हन प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम हवीच. जुन्या मशीनवर आवाज उशिरा येतो, म्हणून ताल चुकतो. खरखर, टकटक आणि घूं हे मशीनच्या म्हातारपणाचं लक्षण. १९२ किलोहर्ट्झशिवाय स्टुडिओचा दर्जा नाही. आणि विंडोज १० बंद झालं, आता उरलं काय! हे वाचून आमच्या गाण्याच्या क्लासमधल्या एक काकू पाऊण लाखाचा लॅपटॉप घ्यायला निघाल्या होत्या. त्यांना गायचे होते दोन अभंग, साथीला तंबोऱ्याचं ॲप. म्हणून लिहायला बसलो.

पहिल्या मुद्द्याला साधा गुणाकार पुरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८,००० मोजमापं (यांनाच नमुने म्हणतात), प्रत्येकी तीन बाइट. झाले १,४४,००० बाइट. एका माइकचं तासभर गाणं ५२० एमबीच्या आसपास. आठ माइक एकदम लावले तरी सेकंदाला सव्वा एमबीच्या आतच, आणि दहा वर्षांची हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला पन्नासेक एमबी सहज लिहिते. माझा लॅपटॉप २०१२ सालचा आहे, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, रॅमची एक पट्टी आणि एक एसएसडी (न फिरणारी, बिनआवाजाची डिस्क) आणून बसवली, रॅम ८ जीबी झाली, एवढीच काय ती चैन. पण एक कबूल करतो: पियानो-व्हायोलिनचे रेकॉर्ड केलेले सूर भरलेली सॉफ्टवेअर वाद्यं वाजवायची असतील, तर ती एकेक कित्येक जीबीची असतात. तिथे जुनं मशीन धापा टाकतं. काकू पियानो वाजवत नाहीत.

आवाज उशिरा येतो, ही तक्रार मात्र खोटी नाही. तिचं खापर भलत्याच्या डोक्यावर फोडलंय. दूधवाला थेंब थेंब मोजत नाही, माप भरलं की ओततो. कॉम्प्युटरचंही तसंच, त्याच्या मापाला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचं माप भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात. आत येताना तेवढे, बाहेर जाताना तेवढे, म्हणजे साधारण १२, वर इंटरफेसचे, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचे, एखाद-दोन. तबलजी तुमच्यापासून चार मीटरवर बसला, तर त्याचा ठेका हवेतून तुमच्या कानी यायलाही १२ मिलिसेकंद लागतात. त्याने कुणाचा ताल गेल्याचं ऐकलं नाही. माप १०२४ केलं की जाता-येता मिळून ४६ होतात, तेव्हा खरंच गोंधळ उडतो. त्यावर उपाय इंटरफेसवरच असतो: डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण. ते दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो, मग बफर कितीही मोठा ठेवा. टिपलेला ट्रॅक सॉफ्टवेअर नंतर स्वतःच मागे सरकवून जागेवर बसवतं. आणि विंडोजवर असाल तर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर निवडा (ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि विंडोज यांची गाठ घालून देणारं छोटं सॉफ्टवेअर). श्टाइनबेर्ग कंपनीने १९९७ साली हा प्रकार आणला तो याच दुखण्यासाठी. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर ‘एएसआयओ फोर ऑल’ फुकट मिळतो.

टकटकीवर मी स्वतः फसलोय. दर आठ-दहा सेकंदांनी ‘टक्’. हार्ड डिस्क गेली असं ठरवून ती एसएसडी घेतली. टक् कायम. मग एका रात्री कंटाळून डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय बंद केलं आणि टक् गायब! वायफायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसरला अडवून धरत होता, तेवढ्यात बफर रिकामा पडत होता. असं नवीन लॅपटॉपवरही होतं. ‘लेटन्सीमॉन’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं की नेमका कुठला ड्रायव्हर त्रास देतोय ते नावानिशी दिसतं. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवायचा, हेही त्याच रात्री शिकलो. एसएसडीचे पैसे वाया गेले नाहीत म्हणा, लॅपटॉप लवकर सुरू होतो आणि डिस्कची घरघर माइकमध्ये येत नाही.

घूंचं कूळ वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घूं ५० आणि १०० वर बसते. पेठांमधल्या जुन्या वायरिंगच्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. चार्जर लावून लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर बोट फिरवा, मुंग्या आल्या तर अर्थिंग बहुधा नाही असं समजा. चार्जर काढल्यावर घूं थांबली, तर दोष बहुधा भिंतीत किंवा चार्जरमध्ये आहे, लॅपटॉपमध्ये नाही. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थची पिन कापायचा सल्लाही याच ग्रुपांवर फिरतो; तो देणाऱ्याला आधी स्वतःच्या घरी कापायला सांगा.

१९२ किलोहर्ट्झचं काय? कान ऐकतो फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत, ४८ वर २४ पर्यंतचं टिपलं जातं. १९२ वर फाइल चौपट होते, बस्स.

विंडोज १० ला मोफत अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, हे खरं. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच नाही, हेही खरं. त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. पण वायफाय तर आपण आधीच बंद केलंय! फाइल पेन ड्राइव्हवर काढायची, झालं. नेट हवंच असेल तर लिनक्स टाका. ऑडॅसिटी आणि आर्डर ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर दोन्ही त्यावर चालतात.

काकूंचं रेकॉर्डिंग परवा नारायण पेठेत, त्यांच्या घरीच केलं. पंखा बंद, माइकच्या मागे भिंतीला उभी गादी, लॅपटॉप पंख्याच्या घरघरीसकट दाराबाहेर स्टुलावर, मधून तीन मीटरची यूएसबी केबल. पहिले दोन टेक काकू हसल्यामुळे गेले. तिसरा छान चालला होता, तो नदीकाठच्या ढोल पथकाच्या सरावाने खाल्ला. चौथा रात्री साडेदहाला घेतला, तेव्हा बॅटरी ११ टक्क्यांवर होती.