देवयानी जवळ येते आहे, म्हणून विश्व प्रसरण पावत नाही?

अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात मला एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘मामा, हे खरे असेल तर आम्ही काय पाठ करतोय?’ हाच संदेश यापूर्वी दोन-तीन गटांतून माझ्याकडे आला होता आणि दरवेळी मी तो न वाचता पुढे सरकलो होतो. आता तो घरातच शिरल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. ‘विश्वप्रसरण हे शंभर वर्षांचे थोतांड’ असा त्याचा मथळा आहे आणि त्यात सहा मुद्दे आहेत. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश धुळीमुळे सूर्यास्तासारखा लाल दिसतो. तो दीर्घ प्रवासात थकतो. देवयानी (अँड्रोमेडा) ही शेजारची दीर्घिका आपल्याकडे येत आहे ही गोष्ट शास्त्रज्ञ दडवतात. जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट (बिग बँग) खोटा ठरवला. जयंत नारळीकरही हेच सांगत होते. आणि दीर्घिकांचे अंतर व वेग यांचा संबंध दाखवणारे खुद्द एडविन हबल यांचाही प्रसरणावर विश्वास नव्हता. पहिली दोन कारणे एकमेकांशी जुळत नाहीत, पण संदेश लिहिणाऱ्याला त्याचे काही वाटलेले दिसत नाही.

सूर्यास्ताच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात ‘ताम्रसृती’ या शब्दाचा अर्थच समजून घेतलेला नाही. सूर्यास्ताच्या वेळी हवा निळा प्रकाश विखुरते आणि लाल प्रकाश जास्त प्रमाणात आपल्यापर्यंत पोहोचतो, हे बरोबर आहे. मात्र त्या वेळी सूर्याचा वर्णपट घेतला, तर त्यातील सोडियमच्या काळ्या रेषा दुपारी जिथे होत्या तिथेच, म्हणजे ५८९ नॅनोमीटरच्या आसपास सापडतात. धूळ प्रकाश गाळते, ती रेषा जागेवरून हलवू शकत नाही. ताम्रसृती म्हणजे या रेषांचे लाल बाजूकडे, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे सरकणे होय, आणि विश्व प्रसरण पावते असे म्हणण्याचा आधार तीच आहे. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी थ्री सी २७३ या क्वासारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा, वर्णपट उलगडला, तेव्हा हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषा त्यांना भलत्याच ठिकाणी दिसल्या होत्या. ४८६ नॅनोमीटरची रेषा ५६३ वर, ४३४ ची ५०३ च्या जवळ आणि ४१० ची ४७५ वर गेलेली होती. प्रत्येक रेषेची तरंगलांबी सुमारे सोळा टक्क्यांनी, एकाच प्रमाणात वाढली होती. असे नेमके गुणोत्तर राखणारी धूळ कुठे असते, ते संदेशकर्त्याने सांगावे.

‘थकलेल्या प्रकाशा’ची कल्पना निदान विचार करण्याजोगी होती, हे मान्य करतो. फ्रिट्झ झ्विकी यांच्यासारख्या नाणावलेल्या खगोलशास्त्रज्ञाने ती १९२९ साली मांडली आणि त्या काळी ती तपासण्याचे पुरेसे साधन कोणाकडे नव्हते. आज ते आहे, आणि या संपूर्ण वादात मला हाच पुरावा सर्वांत भक्कम वाटतो. ‘टाइप वन ए’ प्रकारचे अतिनवतारे (सुपरनोव्हा), म्हणजे स्फोट होणारे तारे, साधारण एकाच पद्धतीने उजळतात आणि मंदावतात. कमाल तेजाला पोहोचायला त्यांना अठरा-वीस दिवस लागतात आणि नंतर काही आठवड्यांत ते विझत जातात. प्रकाश केवळ थकत असेल, तर त्याची ऊर्जा कमी होईल, रंग बदलेल, पण स्फोट दिसण्याचा कालावधी बदलणार नाही. दूरच्या ताऱ्यालाही उजळायला तेवढेच दिवस लागलेले आपल्याला दिसतील. याउलट, प्रकाश प्रवासात असताना अवकाशच ताणले जात असेल, तर दोन लहरींमधील अंतर जसे वाढते तसे दोन दिवसांच्या प्रकाशामधील अंतरही वाढेल, आणि ज्या ताऱ्याची ताम्रसृती एक आहे, म्हणजे तरंगलांबी दुप्पट झाली आहे, त्याचा वीस दिवसांचा चढ आपल्याला चाळीस दिवस चाललेला दिसेल. चिलीमधील दुर्बिणीवरून झालेल्या ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ या प्रकल्पाने सुमारे १५०० अतिनवताऱ्यांवर हीच तपासणी केली आणि २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जेवढ्या पटीने तरंगलांबी ताणलेली होती, तेवढ्याच पटीने स्फोटाचा कालावधीही ताणलेला निघाला, आणि फरक होता तो जेमतेम एखाद्या टक्क्याच्या चुकीच्या मर्यादेत बसणारा. थकलेल्या प्रकाशाला या निष्कर्षातून वाट काढता येत नाही.

देवयानीची गोष्ट दडवल्याचा आरोप मात्र हास्यास्पद आहे. व्हेस्टो स्लायफर यांनी लॉवेल वेधशाळेतून १९१२ साली एखाद्या सर्पिल तेजोमेघाचा (दीर्घिकांना तेव्हा असे म्हणत) वेग पहिल्यांदा मोजला, तो देवयानीचाच होता आणि ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जवळ येत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे जी गोष्ट लपवल्याचे सांगितले जाते, ती या विषयातील पहिलीच नोंद आहे. १९१७ पर्यंत त्यांच्याकडे अशा पंचवीस तेजोमेघांचे वेग जमा झाले आणि त्यांपैकी एकवीस दूर जात होते. आता देवयानी जवळ का येते, तेही पाहू. त्या ३०० किलोमीटरमधील मोठा वाटा सूर्याच्या आकाशगंगेभोवतीच्या भ्रमणाचा आहे. तो वजा केला की सुमारे ११० उरतात. देवयानीचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे आहे आणि एवढ्या कमी अंतराला प्रसरणाचा हिशेब लावला तरी सेकंदाला पन्नास-पंचावन्न किलोमीटरच येतात. दोन अवाढव्य दीर्घिकांच्या परस्पर गुरुत्वाकर्षणाने त्यावर सहज मात केली आहे. सूर्यमाला का फुगत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. शेकडो कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली, पण जवळ येणारी एकही दीर्घिका सापडलेली नाही.

जेम्स वेबच्या मुद्द्यात अर्धसत्य आहे. महास्फोटानंतर जेमतेम तीस कोटी वर्षांनी अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका दिसल्या आणि इतक्या लवकर त्या कशा घडल्या, हे कोडे खरेच आहे. पण त्या एवढ्या प्राचीन आहेत हे कळले कशावरून? त्यांची ताम्रसृती चौदाच्या आसपास आहे, म्हणून! पहिल्या मुद्द्यात ज्या ताम्रसृतीला धूळ म्हणून झटकून टाकले, तिच्याच आधारावर चौथा मुद्दा उभा आहे. प्रसरणाच्या दराबद्दलही मतभेद आहेत. एका पद्धतीने तो दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला ६७ किलोमीटर येतो, तर दुसऱ्या पद्धतीने ७३. शून्य मात्र कोणत्याही पद्धतीने आलेले नाही.

नारळीकरांचे नाव या यादीत पाहून मला खरा संताप आला. त्यांचा विरोध महास्फोटाला होता. बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी १९४८ साली मांडलेला जो स्थिर स्थिती सिद्धान्त त्यांनी पुढे हिरिरीने मांडला, त्यात विश्व प्रसरण पावतेच. प्रसरणामुळे घनता घटू नये म्हणून तर त्यात नव्या द्रव्याची निर्मिती गृहीत धरावी लागते. हॉयल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ साली मांडलेल्या सुधारित प्रतिमानातही आंदोलनांसह, म्हणजे आलटून पालटून फुगण्या-आकसण्यासह, दीर्घकालीन प्रसरण आहे. काही क्वासारांच्या ताम्रसृतीचे कारण वेगळे असू शकेल, ही शक्यता त्यांनी मोकळेपणाने तपासली हे खरे, पण त्यासाठी त्यांनी गणित मांडले होते. त्या गणिताचा मागमूसही या संदेशात नाही.

राहता राहिले हबल. त्यांना शंका होती, हे नाइलाजाने का होईना, कबूल करावे लागते. १९२९ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी अंतर आणि वेग यांचा संबंध दाखवला, पण विश्व प्रसरण पावते असा निर्वाळा दिला नाही. विश्व प्रसरण पावते हे बेल्जियन शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ सालीच लिहून ठेवले होते. मात्र हबल नुसते शंका घेऊन थांबले नाहीत. १९३५ साली रिचर्ड टॉलमन यांच्यासह त्यांनी ही शंका तपासण्याच्या कसोट्या लिहिल्या. त्यांपैकी एक अशी, की प्रकाश नुसता थकत असेल तर ताम्रसृतीबरोबर दीर्घिकेचे पृष्ठतेज, म्हणजे आकाशातील ठरावीक क्षेत्रफळात दिसणारे तिचे तेज, किंचित घटेल, पण अवकाश ताणले जात असेल तर ते फारच झपाट्याने घटेल. ती कसोटी त्यांच्या हयातीत पार पाडता आली नाही. तरुणपणी हबल यांचे साहाय्यक असलेले अ‍ॅलन सँडेज यांनी लॉरी ल्युबिन यांच्यासह २००१ साली ती पूर्ण केली, आणि दीर्घिकांच्या उत्क्रांतीचा परिणाम हिशेबात धरल्यावर निकाल प्रसरणाच्या बाजूने लागला.